नीळकंठशास्त्री गोऱ्हे आणि आपला हरवलेला पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रग्रंथांची एक जुनी रीत आहे. ग्रंथकार स्वतःचा सिद्धान्त सांगण्यापूर्वीं प्रतिपक्ष्याचें म्हणणें मांडतो, आणि तें इतक्या चोखपणें मांडतो कीं, प्रतिपक्ष्यानेंही 'हें माझेंच मत' असें म्हणून मान डोलवावी. याला पूर्वपक्ष म्हणतात. जो पूर्वपक्ष दुबळा करून मांडतो त्याचा सिद्धान्तही दुबळाच असला पाहिजे, अशी पंडितसभेची समजूत असे. चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं 'सर्वदर्शनसंग्रहा'चें पहिलेंच प्रकरण चार्वाकाला दिलें. चार्वाकमताचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं; तें मत आपणांस ठाऊक आहे तें मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या लेखणीमुळें. शत्रूचें मतही जपून ठेवण्याइतका ज्या परंपरेला आत्मविश्वास होता, तिचे आपण वारस आहों, असें आपण व्याख्यानमालांतून वर्षानुवर्षें ऐकतों आणि टाळ्या वाजवितों.

हा वारसा खरोखरीच आपल्या घरीं शिल्लक आहे कीं नाहीं, हें पाहण्यास एक कसोटी पुरेशी आहे. तिचें नांव पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे. आमचें म्हणणें असें कीं, या कसोटीस आपण उतरलों नाहीं. हिंदु समाजानें शास्त्रीबोवांना 'बाटला' या एका शब्दांत निकालांत काढलें. ख्रिस्ती मंडळींनीं त्यांना जयचिन्ह म्हणून मिरविलें. आणि ते काय म्हणत होते, हें नीट वाचण्याचे श्रम दोन्ही बाजूंच्या बहुसंख्य लोकांनीं टाळले. ज्या माणसानें जन्मभर केवळ प्रमाणाची विचारणा केली, त्याच्या वांट्यास दोन्हीकडून केवळ अभिनिवेश आला.

कोंकणांत हें नांव परकें वाटण्याचें कारण नाहीं. गोऱ्ह्यांचें घराणें चित्पावन. पेशवाईच्या विस्ताराबरोबर कोंकणांतील जीं ब्राह्मण कुटुंबें घाट चढून थेट उत्तरेंत गेलीं, त्यांपैकीं हें एक. नीळकंठशास्त्र्यांचे आजोबा बुंदेलखंडांतील बांद्याच्या नबाबांच्या पदरीं होते, आणि हे नबाब म्हणजे पहिल्या बाजीरावाचा मस्तानीपासून झालेला वंश. म्हणजे या घराण्याची भाकरी उत्तरेंतही मराठ्यांच्याच ताटांतली होती. शास्त्र्यांचा जन्म १८२५ सालचा, झांशीजवळील काशीपुरा या गांवचा. पुढें कुटुंब काशीस राहिलें आणि मुलगा तेथील पंडितांपाशीं व्याकरण व न्याय शिकला. घरची उपासना शिवाची; पण तरुण नीळकंठानें विचारपूर्वक विष्णुभक्तीचा मार्ग धरला. 'वडील करीत आले म्हणून मी करतों' या उत्तरावर समाधान न मानणारी ही बुद्धि आहे, हें तेव्हांच दिसून आलें होतें. पुढील सर्व दुःखाचें बीज याच बुद्धींत आहे, आणि त्यांच्या मोठेपणाचेंही.

आतां ज्या वादांत हा तरुण पडला त्याकडे वळूं. १८३९ सालीं कलकत्त्यास 'मतपरीक्षा' नांवाचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता जॉन म्यूर हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी होता. संस्कृत वाङ्मयाचा मोठा संग्राहक म्हणून पुढें युरोपांत तो नांवाजला आणि एडिंबरो येथें १८६२ सालीं संस्कृतच्या अध्यापकाची जागा त्याच्याच देणगींतून स्थापन झाली. त्यानें ख्रिस्ती धर्माचें मंडन व हिंदु धर्माचें खंडन गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें, संस्कृत श्लोकांत केलें. परधर्मीयानें आपल्या अंगणांत येऊन, आपल्याच भाषेंत, आपल्याच छंदांत आव्हान दिलें. मिशनऱ्याच्या बाजारांतील प्रवचनाकडे पाठ फिरवितां येते. श्लोकाला श्लोकानेंच उत्तर द्यावें लागतें.

आणि तें दिलें गेलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच सालीं सोमनाथ या नांवानें 'मतपरीक्षाशिक्षा' लिहिली गेली. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे मराठी ज्योतिर्विद सुबाजी बापू, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. पुढल्या वर्षीं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांनीं 'मतपरीक्षोत्तर' लिहिलें. आणि १८४४-४५ च्या सुमारास काशीच्या नीळकंठ गोऱ्ह्यांनीं 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' सिद्ध केला. तिघांत वयानें हे सर्वांत लहान, विशीच्या उंबरठ्यावरचे. आणि युक्तिवादांत तिघांहून प्रौढ.

त्यांचा मुख्य प्रश्न ईश्वराच्या न्यायाविषयींचा होता. एक जीव राजवाड्यांत जन्मतो, दुसरा जन्मांध होतो. पूर्वजन्मींचें कर्म मानावयाचें नसेल, तर ही विषमता कोणाच्या माथीं मारावयाची? ईश्वरानें प्रत्येक जीव नवा निर्माण केला असेल, तर अपराधावांचून शिक्षा देणारा तोच ठरतो. मुक्या जनावरांच्या यातनांना तर या मतांत कारणच नाहीं. शिवाय साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यांतील मर्यादित पापाला अनंतकाळचा नरक ही कोणत्या न्यायासनाची शिक्षा? हे प्रश्न विचारल्यावर त्यांनीं आणखी एक पाऊल टाकलें. तर्काला त्याची जागा दाखवून ते म्हणाले कीं, केवळ तर्कावर कोणतेंच शास्त्र उभें राहत नाहीं. श्रद्धा आधीं येते, आणि तर्क तिच्या मागून चालतो. हिंदु पक्षाचें इतकें सुसंगत समर्थन त्या पिढींत फार थोड्यांनीं केलें असेल. त्यांच्याच वर्षीं जन्मलेले आपले विष्णुबोवा ब्रह्मचारी १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशीं वाद घालीत होते. त्याहीपूर्वीं १८३१ सालीं मोरभट दांडेकरांनीं जॉन विल्सनशीं वाद करून 'हिंदुधर्मस्थापना' प्रसिद्ध केली होती. या नामावळींत नीळकंठशास्त्र्यांचें नांव पहिल्या पंक्तीस असावयास पाहिजे होतें.

पण तसें झालें नाहीं. खंडन करावयाचें म्हणून ते ख्रिस्ती ग्रंथ वाचीत राहिले, काशींतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याशीं बोलत राहिले, आणि वाचतां वाचतां त्यांचें स्वतःचेंच मन डळमळलें. १४ मार्च १८४८ रोजीं, काशींत नव्हे तर जौनपुरास, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व नेहेम्या हें नांव धारण केलें.

येथें आमचा पहिला वाद स्वकीयांशीं आहे. धर्मांतराची गोष्ट निघाली कीं आपल्या सुशिक्षित दिवाणखान्यांतही दोनच प्रश्न ऐकूं येतात : 'किती मिळाले?' आणि 'कोणीं फसविलें?' तिसराही एक प्रश्न संभवतो, 'काय पटलें?', पण तो कोणी विचारीत नाहीं, कारण तो विचारला कीं उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें नीळकंठशास्त्र्यांच्या चरित्रांत स्पष्ट आहेत. काशीच्या विद्वत्सभेंत ज्याला मान मिळाला असता त्या शास्त्र्याला मिळालें काय? आप्तांचा वियोग, गरिबी, आणि मरेपर्यंत पाठ न सोडणारी शंका. पत्नी लक्ष्मीबाई तान्ही मुलगी मागें ठेवून वारल्या. काशीस १८५३ सालीं जन्मलेली ती एलेन लक्ष्मी आधीं निळीच्या एका युरोपियन मळेवाल्याच्या घरीं वाढली. सत्तावनच्या धामधुमींत त्याची वाताहत झाल्यावर एका मिशनरी कुटुंबानें तिला सांभाळलें व इंग्लंडास नेलें. ती पुढें इंग्रजी धर्मगीतें रचूं लागली. बापाची भाषा संस्कृत आणि लेकीची इंग्रजी! हा जर सौदा असेल, तर इतका तोट्याचा सौदा कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि फसविण्याविषयीं म्हणाल, तर ज्यानें विशीच्या आंत म्यूरच्या ग्रंथाची चिरफाड केली त्याला फसविणें सोपें होतें असें म्हणणारा मनुष्य स्मिथची स्तुति करतो आहे कीं आपल्या शास्त्र्यांची निंदा, हें त्याचें त्यालाच ठाऊक!

यावर कोणी म्हणेल कीं, त्या काळीं राज्य इंग्रजांचें होतें, मिशनऱ्यांच्या पाठीशीं सत्तेची सावली होती, आणि समाज भ्याला यांत नवल काय? ही गोष्ट खरी आहे, आणि आम्ही ती नाकारीत नाहीं. पण भीतीपोटीं समाजानें केलें काय, हेंही पाहावें. १८४३ सालीं मुंबईस मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला पुन्हां जातींत घ्यावें म्हणून आमच्या कोंकणच्याच बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली, तेव्हां सनातनी मंडळी उलटली ती बाळशास्त्र्यांवरच. दार बाहेर उघडणारें होतें, आंत उघडणारें नव्हतें. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं, १८९० सालीं, पुण्याच्या पंचहौद मिशनांत न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आदि मंडळी जमली असतां तेथें चहा दिला गेला. नुसत्या चहाच्या पेल्यावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें. रानडे-टिळकांची जर चहाच्या एका पेल्यापायीं ही गत, तर १८४८ सालीं गळ्यांतील जानवें उतरविणाऱ्या एकाकी शास्त्र्याची काय झाली असेल? ज्या समाजाला चहाचा विटाळ होतो त्याला युक्तिवादाचा विटाळ झाला तर नवल नाहीं. फरक इतकाच कीं, चहाला प्रायश्चित्त निघालें. युक्तिवादाला उत्तर निघालें नाहीं.

आमचा दुसरा वाद ख्रिस्ती चरित्रलेखकांशीं आहे. काशीचा पंडित आपल्या बाजूस आला याचा आनंद त्यांना होणें स्वाभाविक होतें. पण त्या आनंदांत त्यांनीं त्याच्या जखमांवर हार घातले. पराभूत वादी विजयी धर्माच्या कुशींत शिरला व तेथें त्याला शांति लाभली, असें तें चित्र आहे. प्रत्यक्षांत शांति लाभली नाहीं. १८५४ च्या सुमारास पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग यांचे शिक्षक म्हणून शास्त्री इंग्लंडास गेले. ऑक्सफर्डास त्यांची मॅक्सम्युल्लरशीं भेट झाली. ज्या देशांतून हा धर्म आपल्याकडे आला त्या देशांतील लोकांचें जीवन पाहून, विशेषतः लंडन पाहून, शास्त्री किती हादरून गेले होते, याची नोंद मॅक्सम्युल्लरनें आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणींत करून ठेवली आहे. धर्म ग्रंथांत वाचून पटला होता. तो माणसांत पाहावयास गेले तों दिसेनासा झाला. हा अनुभव काशींतील क्षेत्रस्थांना पाहून व्याकूळ होणाऱ्या कोणत्याही श्रद्धावान् यात्रेकरूचा अनुभव आहे. त्यांत हिंदु-ख्रिस्ती असा भेद नाहीं.

स्वदेशीं परत आल्यावरही मन स्थिरावलें नाहीं. बाप्तिस्मा १८४८ चा. पण पुरोहितपदाची दीक्षा घेण्यास त्यांनीं सुमारें वीस वर्षें लाविलीं. पुढें १८७६ च्या सुमारास कौली येथील संन्यस्त धर्मबंधूंच्या संघांत ते उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि शेवटपर्यंत उमेदवारच राहिले; अखेरचें व्रत त्यांनीं घेतलें नाहीं. आपण ज्या उंबरठ्यावर उभे आहों तो ओलांडण्याची पात्रता आपल्या अंगीं आहे काय, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीत नव्हता. संन्यासाचें खरें ओझें काय असतें हें ठाऊक असलेल्या ब्राह्मणाचा हा संकोच आहे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईस त्यांचें निधन झालें. त्यांच्या शंका म्हणजे विजयगाथेंतील एक किरकोळ डाग, असें समजणाऱ्या मंडळींना आमचें सांगणें आहे कीं, त्या शंका काढून टाकल्या तर मागें नीळकंठशास्त्री उरतच नाहींत, उरतो तो एक आंकडा. माणसें मोजणाऱ्यांना आंकडा पुरतो. माणूस समजून घेणाऱ्यांना पुरत नाहीं.

आतां त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाविषयीं. १८६० सालीं त्यांनीं 'षड्दर्शनदर्पण' हिंदींत लिहिला. दोनच वर्षांनीं फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानें त्याचें इंग्रजी भाषान्तर कलकत्त्याहून प्रसिद्ध केलें. बाटग्याचा शिव्याशाप म्हणून हा ग्रंथ बाजूस सारणाऱ्यांनीं तो उघडून पाहावा. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा, वेदान्त या सहांचीं मतें त्यांत त्या त्या दर्शनाच्याच परिभाषेंत मांडून मग तपासलीं आहेत. कर्म व पुनर्जन्म, जीवांचें अनादित्व, ईश्वराचें कर्तृत्व, हे सर्व विषय त्यांत येतात. ज्या कर्मसिद्धान्ताच्या बळावर त्यांनीं तरुणपणीं म्यूरला अडविलें होतें, त्याच सिद्धान्तावर ते आतां शस्त्र धरतात. वेदान्तावर तर त्यांचा रोख विशेष. पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक अशी तीन प्रकारची सत्ता मानून वेदान्ती एकाच जगाला एकदां 'नाहीं' व एकदां 'आहे' म्हणतात. ही दोन तोंडांची भाषा आहे, आणि अज्ञान खोटें मानून त्याच्यावर सगळ्या संसाराचा डोलारा उभारणें हा विरोध आहे, असा त्यांचा आक्षेप आहे.

हा ग्रंथ निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो कांहीं ठिकाणीं एकांगी आहे, आणि त्याची सर्वांत मोठी उणीव मराठी वाचकाच्या चटकन् ध्यानीं यावी अशी आहे. काशींत वाढलेल्या या मराठी पंडितानें दर्शनांशीं झुंज घेतली, पण मराठी संतांशीं घेतली नाहीं. शंकराचार्यांच्या मागून आलेल्यांचा वेदान्त म्हणजेच सगळा वेदान्त, असें गृहीत धरून तो चालतो. अज्ञानाच्या कल्पनेंतील विरोध दाखविणारा नीळकंठशास्त्री हा पहिला नव्हे. रामानुजाचार्यांनीं श्रीभाष्यांत तिच्यावर सात अनुपपत्ति दाखविल्या. आणि आपल्या ज्ञानदेवांनीं तर 'अमृतानुभवा'चें सातवें प्रकरण अज्ञानखंडनासाठींच खर्चीं घातलें. अज्ञान प्रकाशापुढें टिकत नाहीं आणि प्रकाशावांचून दिसत नाहीं, तेव्हां तें आहे म्हणणार कोठें, असा तेथील विचाराचा झोंक आहे. पण ज्ञानदेव अज्ञान खोडून थांबत नाहींत, आणि जगही खोडीत नाहींत. जग हा भ्रम नसून चैतन्याचाच विलास आहे, असें ते सांगतात. म्हणजे 'षड्दर्शनदर्पणा'च्या सर्वांत तीक्ष्ण बाणाला तोडीस तोड असें उत्तर त्या बाणाच्या साडेपांचशें वर्षें आधीं मराठींत तयार होतें! प्रश्न उरतो तो कर्मसिद्धान्ताचा, ईश्वराच्या न्यायाचा, अनंत नरकाचा. या प्रश्नांवर पहिल्या ग्रंथांतील नीळकंठ दुसऱ्या ग्रंथांतील नेहेम्याला आजही निरुत्तर करतो कीं त्याच्याकडून निरुत्तर होतो, हें ज्यानें त्यानें दोन्ही वाचून ठरवावें.

आमचा सगळा भर 'दोन्ही' या शब्दावर आहे, आणि आमच्या तक्रारींतील सर्वांत जिव्हारीं लागणारी गोष्टही हीच आहे. हिंदु धर्मावर टीका करणारा 'षड्दर्शनदर्पण' ताबडतोब छापला गेला, दोन वर्षांत इंग्रजींत गेला, जगभर पोंचला. हिंदु धर्माचें समर्थन करणारा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' मात्र हस्तलिखितांतच राहिला. तो छापून निघाला १९५१ सालीं, उज्जैनीस, सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांच्या संपादनानें; म्हणजे रचनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं! त्यांचा पक्ष छापण्यास त्यांच्या लोकांनीं विलंब लाविला नाहीं. आपला पक्ष छापण्यास आपणांस शतक लागलें. कारण उघड आहे. लिहिणारा पुढें बाटला, म्हणून त्याचें आधींचें लिहिणेंही बाटलें! ज्या हातानें तलवार आपल्यासाठीं चालविली त्या हाताचा राग म्हणून आपण ती तलवारच गंजूं दिली. धर्माभिमानाचें यापेक्षां हास्यास्पद रूप कल्पिणें कठीण आहे.

कोणी म्हणेल कीं, हें सर्व पंडितांचें प्रकरण आहे. सामान्य कुटुंबाला त्याचें काय? त्यांनीं पंडिता रमाबाईंकडे पाहावें. सरस्वती ही पदवी मिळविलेली, भागवत मुखोद्गत असलेली ही विदुषी १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें ख्रिस्ती झाली. तिच्या त्या निर्णयांत नीळकंठशास्त्र्यांच्या लेखनाचा व संभाषणाचा मोठा वांटा होता. केवळ मिशनरी बायांच्या ममतेनें तिची बुद्धि जिंकली नसती. तिला पटवूं शकला तो काशीचा शास्त्रीच. त्याहीपूर्वीं मुंबई-पुण्याच्या एकेश्वरवादी मंडळींपुढें शास्त्र्यांनीं केलेलीं चार व्याख्यानें १८७५ सालीं मुंबईंत छापलीं गेलीं होतीं. म्हणजे ज्या काळांत मराठी सुशिक्षित वर्गाचें मन घडत होतें, त्याच काळांत, त्याच शहरांत, हा माणूस बोलत होता. रमाबाईंवर आपण ग्रंथ लिहितों, त्यांच्या नांवें सभा भरवितों. पण त्यांच्याशीं वाद करून त्यांना वळविणाऱ्याचें नांव आलें कीं पुढल्या परिच्छेदास लागतों.

आमच्या या जिल्ह्याचें आणखी एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. दापोली तालुक्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, म्हणजे नीळकंठशास्त्री ज्या वर्षीं वारले त्याच वर्षीं. त्यांनाही बहिष्कार भोगावा लागला, कुटुंबाची ताटातूट सोसावी लागली. पण मराठी माणसानें पुढें त्यांना क्षमा केली, इतकेंच नव्हे तर आपलेंसें केलें. फुलामुलांचा कवि म्हणून ते क्रमिक पुस्तकांत गेले, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'नीं तर त्यांचा संसार घरोघरीं पोंचविला. टिळकांना स्वीकारलें याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु स्वीकारलें कोणाला? कवीला. तुकोबांच्या पायवाटेनें ख्रिस्ताकडे गेल्याचें सांगणारे, १९१७ सालीं मिशन सोडून 'देवाचा दरबार' स्थापणारे टिळक आपल्याला गोड वाटतात, कारण ते आपल्याशीं वाद घालीत नाहींत, आपणांस गाऊन दाखवितात. नीळकंठशास्त्र्यांनीं गाणें म्हटलें नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारले. धर्मांतरिताच्या कवितेला आपल्या घरांत जागा आहे. त्याच्या युक्तिवादाला नाहीं. ही सहिष्णुता नव्हे. ही निवडक श्रवणशक्ति आहे.

शास्त्र्यांच्या उत्तरायुष्यांतील एका विचाराकडे मात्र दोन्ही बाजूंनीं लक्ष द्यावें. १८८७ च्या सुमारास, म्हणजे धर्म सोडून चाळीस वर्षें होत आलीं असतां, त्यांनीं असें प्रतिपादलें कीं, अनन्यभक्ति, वैराग्य, नम्रता, क्षमा या गोष्टी हिंदूंना परक्या नाहींत, आणि ख्रिस्ताची शिकवण समजण्याची तयारी त्यांच्या मनांत आधींपासूनच झालेली आहे. 'षड्दर्शनदर्पणा'चा कठोर लेखक वार्धक्यांत आपल्या आईच्या घरांतील धन मोजून दाखवितो, आणि तें खोटें नाणें नाहीं असें कबूल करतो. मिशनरी चरित्रांना ही कबुली अर्धीच ऐकूं आली आणि आपल्याला ती ऐकूंच आली नाहीं. दर्शनांवर प्रहार करणारा हा मनुष्य भक्तीवर प्रहार करूं शकला नाहीं. हें त्याच्या मतांतील वैगुण्य असेल. त्याच्या मनांतील सत्य खास आहे.

यावरचा शेवटचा आक्षेप आजच्या काळचा आहे. जुन्या जखमा कशाला उकरावयाच्या, धर्मांतराचा विषय आधींच तापलेला असतां त्यांत तेल कशाला, असें शांततावादी मंडळी म्हणतात. आम्हांस त्यांच्या हेतूबद्दल आदर आहे, पण त्यांच्या निदानाबद्दल नाहीं. हा विषय तापतो तो वाचल्यानें नव्हे, न वाचल्यानें. वाद करणाऱ्या पिढीनें म्यूरला संस्कृतांत उत्तर दिलें. वाद विसरलेली पिढी दगडानें उत्तर देते. ज्याला प्रतिपक्ष्याचें म्हणणें ठाऊक आहे त्याला ओरडावें लागत नाहीं.

म्हणून आमची मागणी साधी आहे. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' आणि 'षड्दर्शनदर्पण' हे दोन ग्रंथ एकाच बांधणींत, समोरासमोर, मराठी अनुवाद व टीपांसह वाचकांच्या हातीं यावेत. एका पानावर नीळकंठ, दुसऱ्या पानावर नेहेम्या. मधें कोणा संपादकाचा निवाडा नसावा. संस्कृतच्या प्राध्यापकांनीं, मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकांनीं आणि वारकरी संप्रदायांतील जाणत्यांनीं मिळून हें काम करावें, कारण यांपैकीं कोणा एकाच्यानें तें होणारें नाहीं. सावर्ड्यासारख्या गांवांतून आज शाळा-महाविद्यालयें आहेत. चिपळुणासारख्या ठिकाणीं दीडशें वर्षांहून जुनें वाचनालय आहे. २००५ व २०२१ सालच्या पुरांनीं चिपळुणांत पुस्तकें भिजलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र हळहळला, आणि तें योग्यच झालें. पण जीं पुस्तकें पाण्यानें नव्हे, आपल्या तिटकाऱ्यानें नष्ट होत आलीं, त्यांच्यासाठीं हळहळणार कोण?

नीळकंठशास्त्र्यांना परत हिंदु करून घेण्याची आमची इच्छा नाहीं, आणि त्यांना ख्रिस्ती संतमालिकेंत बसविण्याचीही नाहीं. ते जेथें गेले तेथें स्वतःच्या पायांनीं गेले, आणि तेथेंही सुखी झाले नाहींत. त्यांचें जें देणें आपल्यावर आहे तें फक्त वादांतलें आहे. त्यांनीं पूर्वपक्ष मांडला. एकदां आपल्या बाजूनें आणि एकदां आपल्या विरुद्ध. उत्तरपक्ष मांडण्याची पाळी कधींचीच आपली आहे.

सावर्डें, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी